चार बोटांचा ठसा

मी, ठसे कोरणाऱ्याची एकुलती मुलगी, वय एकोणतीस, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाखाली नसताना लिहिते. (सोमवारच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचा धाक आहे, तो वकिलांनी धरू नये.)

१. माझ्या कोरण्या व भिंग आत्याला. तिला त्यांचा उपयोग नाही, पण त्या बाबांच्या हाती पडू नयेत.

२. नगराच्या मानचिन्हाचा मूळ ठसा, जो आजोबांनी कोरला व रीतसर माझ्या नावे केला, तोही आत्याला. कारण नोंदवते.

शाळेच्या पुस्तिकेत मानचिन्हाचा अर्थ लिहिला आहे : मनोरा म्हणजे पहारा, उघड्या हाताला करंगळी नाही, कारण कष्टात गमावलेले हे नगर विसरत नाही. खरे असे, की ठसा उलटा कोरावा लागतो आणि त्या गोंधळात आजोबा करंगळी विसरले. समितीने विचारले तेव्हा म्हणाले, "मुलीचा हात बघून कोरलाय. तिचं बोट यंत्रात गेलं." समितीचे डोळे पाणावले. "पुढच्या महिन्यात तिला घेऊन या."

आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती (ती साडेआठ म्हणते) आणि तिची दहाही बोटे शाबूत होती. महिन्याने नऊ होती.

हे मला बाबांनीच सांगितले. मी दहा वर्षांची असताना एक अक्षर चुकून सुलटे कोरले, तेव्हा म्हणाले, "आपल्या घरात चूक ठशात नाही, हातात दुरुस्त करतात. विचार तुझ्या आत्याला."

दर स्थापनादिनी आत्याला व्यासपीठावर बसवतात. बाबा तिचे मनगट धरून हात वर करतात, लोक टाळ्या वाजवतात. बोट गेले त्या दिवशीही मनगट त्यांनीच धरले होते. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, म्हणून मी बरीच वर्षे त्यांना माफ करून पाहिले.

आत्याने ठसा वितळवला तर कोणी आडवे येऊ नये.

३. वरील कलम २ हे येत्या स्थापनादिनी, आत्याचा हात वर असताना, वकिलांनी मोठ्याने वाचावे.

४. बाबांनी काल विचारले, "ठसा मलाच ना गं?" मी म्हटले, "बाबा, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. मजकूर झाकलेला असेल." ते खूश झाले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे मी वकिलांना दोनदा विचारून घेतले आहे.

स्थळ : राहते घर, कोरणीची खोली. शुक्रवार, सकाळ.
लिहिणार : मुलगी (सही)
साक्षीदार १ : शेजारच्या पुस्तकबांधणीवाल्या बाई (सही)
साक्षीदार २ : वडील (सही, न वाचता, आनंदाने)