धबधब्याला पाणी आहे ना

लातूर
ता. ५ एप्रिल १९८६

चि. गुरुपादप्पास रुद्राणीअक्काचे अ. उ. आ.

इकडील क्षेम. म्हणजे टँकर एक दिवसाआड येतो, नळावरचं भांडण मात्र रोज होतं, आणि लातूर जिल्हा झाल्याला चार वर्षं होत आली तरी रस्ते खणणं काही संपत नाही.

पत्राला कारण घडलं. तुझे दाजी सहलीला निघाले आहेत. हाव, तेच. यंदा दुष्काळानं लोकांनी लग्नं पुढं ढकलली, त्यामुळं ऐन लग्नसराईत भांड्यांच्या दुकानात माणूस फिरकत नाही. परवा जेवताना म्हणाले की तुझा भाऊ नऊ वर्षं बोलावून राहिला, एकदा तो सहस्रकुंडाचा धबधबा बघून येऊ. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आम्ही दोघंच कुठं गेलो असू तर दवाखान्यात.

माणिकप्पा ओळखीच्यांची जीप मागतो म्हणाला, पण बापानं लेकाचं ऐकलं नाही. बघायलाच निघालो तर खिडकीशी बसून बघत जाऊ, म्हणतात. येष्टीनं नांदेड, तिथून मुदखेड, मुदखेडला लहान रुळांची आगगाडी. पुढचं तू कळव.

एक वेड मात्र घेतलंय. पडत्या पाण्याशी बसून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची. पूजेआधी ते पाण्याचा थेंब घेत नाहीत हे तू जाणतोस, तेव्हा उन्हं चढायच्या आत न्यायला हवं. आणि खरं खरं लिही, अशा सालात धबधब्याला पाणी आहे ना? नसलं तर दिवाळीनंतर येऊ. त्यांना मी समजावीन.

शेवया करून ठेवल्यात. मास्तर झालास तरी एकट्यासाठी धड रांधत नसशील.

लोभ पत्रात मागावा लागू नये, एवढंच मागणं.

तुझी
अक्का


इस्लापूर
ता. १४ एप्रिल १९८६

ती. सौ. रुद्राणीअक्कास गुरुपादप्पाचे शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, मग शेजारच्या ग्यानोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मास्तर, तुमचे दाजी येतील तेव्हा खरं. त्यांचं चुकत नाही. हा आठवा बेत. आधीचे सात दाजींच्या गिऱ्हाइकांनी मोडले.

मुदखेडहून गाडी पहाटे सुटते, आठच्या आत इथं उतराल. मी स्टेशनावर असेनच. धबधबा दीड कोस. इथं रिक्षा नाही, दिवसाची एकुलती येष्टी मनाला येईल तेव्हा येते, म्हणून ग्यानोबांची बैलगाडी सांगून ठेवली आहे. वाटेत माळ आहे, सागाची झाडं आहेत, पानं मात्र गळलेली. परतताना ग्यानोबांच्या शेतात बसून भाकरी खाऊ. दाजींना शेत दाखवायला त्यांना फार आवडेल.

पाणी आहे. काळजी करू नये.

घराला चुना लावून घेतला. एक बाज जास्तीची आणली. नऊ वर्षांत या दारात शाळेचं सोडून कुणी माणूस आलं नाही अक्का, त्यामुळं पाहुणे आल्यावर काय काय लागतं हेच आठवत नाही. उशा आहेत. आरसा लागेल का ते कळवणे.

दाजींस साष्टांग. माझ्यावरचा लोभ यंदा प्रत्यक्ष येऊन करावा.

आपला
गुरुपादप्पा


लातूर
ता. २७ एप्रिल १९८६

चि. गुरुपादप्पास अ. उ. आ.

आठ मेला निघतो, नऊच्या सकाळी पोचू. तुझ्या पत्रातली पाण्याची ओळ ह्यांनी शेजारच्या तीन दुकानांत वाचून दाखवली. चौथ्या दुकानदाराला स्वतःहून विचारायला लावलं. नवं धोतर आणलंय, लिंग बांधायचं वस्त्रही नवं. मी हसले तर म्हणाले, तू पण एक लुगडं घे. घेतलं, जांभळं.

आरसा नको. या वयात काय बघायचंय.

बाकी भेटीत. भेटीची वाट इतकी कधी बघितली नव्हती.

तुझी
अक्का


इस्लापूर
ता. १६ जून १९८६

ती. रुद्राणीअक्कास शि. सा. न. वि. वि.

सवयीनं 'सौ.' लिहायला गेलो आणि पेन तसंच धरून बसलो. दाजींना जाऊन आज अडतीस दिवस झाले. हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोहोंत नुसतं रडलो, जे सांगायचं ते लिहिलं नाही.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. धार होळीलाच तुटली होती. खाली डोहात म्हशी बसण्याइतकं पाणी होतं, ते डोळ्यांसमोर आणून मी 'पाणी आहे' लिहिलं. खरं लिहिलं असतं तर आठवाही बेत मोडला असता. एकदा तुम्ही घरी यावं, एवढंच मला दिसत होतं.

त्या दिवशी गाडी तीन तास उशिरा आली. ग्यानोबांची बैलं दोनच दिवसांपूर्वी चाऱ्याच्या छावणीत गेली होती. मी दाजींना म्हणालो की पूजा घरीच करा, चार घोट पाणी घ्या, उन्हं कलल्यावर जाऊ. ते म्हणाले, न्हाई, इथवर आलो ते घरात बसायला का. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. भर उन्हात दीड कोस चालवलं मी त्यांना. कोरडे खडक बघूनही ते मला रागे भरले नाहीत. तांब्यातलं पाणी नको म्हणाले, नदीचंच हवं, आणि त्या डोहातलं तर पूजेला घेण्यासारखं नव्हतंच. मी वर नदीपात्रातल्या झऱ्याकडं धावलो. घागर घेऊन आलो तेव्हा त्यांचं डोकं तुझ्या मांडीवर होतं.

लातूरला न्यायला वाहन नव्हतं, गाडी दुसऱ्या दिवशी, आणि तो उन्हाळा. ग्यानोबांनी शेताचा कोपरा दिला. आपल्या रीतीप्रमाणं दाजींना बसवून, हातात लिंग देऊन माती दिली. माणिकप्पा तिसऱ्या दिवशी आला तेव्हा माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. बापाचं तोंड बघू दिलं नाहीस, म्हणाला. खरं आहे त्याचं.

रोज शाळेतून येताना तिथं दिवा लावतो. अक्का, एक ओळ लिही. येऊ नकोस लिहिलंस तरी चालेल.

लोभ मागायचा हक्क राहिला नाही, तरी मागतो.

गुरुपादप्पा


लातूर
ता. ९ जुलै १९८६

चि. गुरुपादप्पास अ. उ. आ.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. माणिकप्पा ती न उघडता माझ्या उशाशी ठेवतो. तिसरं मी रोज वाचते, कारण त्यात तू जे एकट्याच्या नावावर लिहिलंस ते एकट्याचं नाही.

मुदखेडला गाडीची वाट बघत होतो. हे चौकशीला गेले. शेजारी पंचफुला नावाची शेंगावाली बसली होती, तुमच्याच भागातली. मी सहज धबधब्याचं विचारलं. ती म्हणाली की बाई, तिथं कशाला जाता, होळीपासून धार न्हाई. हे परत आले, काय म्हणते ती, विचारलं. मी म्हणाले, शेंगा महाग सांगते.

का, ते तुला सांगते. आदल्या दिवशी येष्टीत ह्यांनी मला खिडकी दिली होती. नांदेडपर्यंत बोलत होते, लहानपणीचं, आईचं, दुकानातलं नव्हे. संध्याकाळी मुदखेडच्या फलाटावर बाकडं अजून तापलेलं होतं तर खांद्यावरचं उपरणं माझ्यासाठी अंथरलं. मी एक शब्द बोलले असते तर तिथूनच लातूरची वाट धरली असती त्यांनी. मला परतायचं नव्हतं गुरुपादप्पा. फार तर तिथं जाऊन माझ्यावर चिडतील, एवढंच वाटलं. तुझ्या घरी तू पूजा इथंच करा म्हणून आग्रह करत होतास तेव्हा मी छत्रीची काडी नीट करत उभी राहिले.

तू पाण्याला गेलास आणि ह्यांनी मला विचारलं की तुला ठाऊक होतं का. मी न्हाई म्हणाले. मग ते म्हणाले की गुरुपादप्पाला बोल लावू नकोस, त्याला आपण यावं वाटलं, त्यात त्याचं काय चुकलं. त्यानंतर ते बोलले नाहीत. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं खोटं झालं.

तुझ्यासाठीचा हा निरोप मी दोन महिने दाबून ठेवला. तो दिला असता तर तू सुटला असतास आणि मी एकटी उरले असते. बहिणीनं असं करू नये. मी केलं.

माणिकप्पाला यातलं काही माहीत नाही. जेवताना तो तुला नावं ठेवतो आणि मी त्याला वाढत राहते. एकटीला धीर होत नाही. श्रावणात सुट्टी काढून ये, तुझ्या देखत त्याला सांगेन. तोवर तो तुलाच दोष देईल. तेवढे दिवस माझ्यासाठी सोस.

लोभ ठेव. मी ठेवला नाही म्हणून तू कमी करू नकोस.

तुझी
अक्का