उत्तर भिंतीतल्या दगडाबद्दल

मी एव्हेलिओ काउइच, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा गवंडीकाम, राहणार सान ओनोफ्रे, युकातान. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, स्वखुशीने आणि स्वहस्ते माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो.

एक. राहतं घर मुलगा गास्पार याला. परसातलं आंबट संत्र्याचं झाड त्याने तोडलं, तर घर मुलगी रोसाउरा हिचं. त्याला जिथे तिथे फरशी घालायची हौस आहे, म्हणून लिहावं लागतं.

दोन. माझी दिवंगत पत्नी सोकोर्रो हिने विणलेला जाळीचा झोपाळा माझ्याबरोबर पुरावा. पेटीत मावत नसेल तर पेटी मोठी घ्यावी.

तीन. माझी शिडी शेजारी तिबुर्सिओ एकोणीस वर्षांपूर्वी एका दिवसासाठी घेऊन गेला. ती आता त्याला बक्षीस. तो लाजेल अशी आशा नाही.

चार. रोसाउराला कॅथेड्रलच्या उत्तर भिंतीतला दगड. भिंतीला आधार देणाऱ्या तिसऱ्या धिऱ्याजवळ, जमिनीपासून अकरावा थर.

स्पॅनिश लोकांनी आमचं देऊळ पाडलं आणि त्याच दगडांनी आमच्याच पूर्वजांकडून हे कॅथेड्रल बांधून घेतलं. कोरलेले चेहरे तासून टाका, असा हुकूम होता. काहींचा हात चालला नाही. त्यांनी चेहरे आतल्या बाजूला वळवून दगड बसवले. तेव्हापासून आमच्या घराण्याचा नियम असा की भिंत आपणच दुरुस्त करायची आणि हे फक्त पुढे थापी धरणाऱ्याला सांगायचं. माझ्यानंतर थापी कोणीच धरली नाही.

वादळात भिंत फुटली त्या वर्षी तो दगड निखळला. बाईचा चेहरा, कानांत मोठ्या चकत्या. मी टोपी काढली. आधी तिला नमस्कार केला, मग मारियामातेला. क्रम चुकला असेल तर देव बघून घेईल. संध्याकाळपर्यंत तिला पुन्हा आत वळवून चुना भरला.

पुढे रोसाउरा शिकली आणि कॅथेड्रलवर पुस्तक लिहायला बसली. तिने विचारलं, "ताता, खरं सांग. उत्तर भिंतीत कोरीव दगड उरलेत?"

"एकही नाही. सगळे तासलेत."

तिने तसंच छापलं. पोरी, तुझ्या पुस्तकातली ती चूक माझी आहे. भिंत उघडायची की नाही, तुझं तू ठरव. तुझी माफी मागायला मला मरणाचा आडोसा लागला, याची लाज वाटते.

पुरवणी, त्याच दुपारी. रोसाउरा जेवण घेऊन आली. न राहवून मी तिला हा कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला.

"बाईचं नाक तुटलंय ना, ताता? डावीकडून."

म्हणजे दगड निखळला त्या दिवशी मी जेवायला उतरलो होतो, तेव्हा ही बारा वर्षांची कार्टी परांचीवर चढली होती.

"मग पुस्तकात तसं का लिहिलंस?"

"तू मला सांगितलं नाहीस म्हणून काय झालं? काउइच मीही आहे."

तिच्या हाताला धरून मी बराच वेळ रडलो.

सबब कलम चार रद्द. जे तिने इतकी वर्षं सांभाळलं, ते मी तिला काय देणार?

सही: एव्हेलिओ काउइच
साक्षीदार (सही पाहिली, मजकूर वाचलेला नाही): लिबोरिओ माय, घंटा वाजवणारा, पेर्पेतुआ दुल्सेत, शिवणकाम
सान ओनोफ्रे, ८ ऑक्टोबर २०११