भूर्जाच्या मुठीची सुरी

गुरुजी, तुमच्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे, तेव्हा पानाचा डबा बाजूला ठेवून ऐका. तुम्ही आम्हाला सुरीला चार संस्कृत शब्द शिकवलेत. चारही पाठ करून घेतलेत, त्यांची लिंगं विचारलीत, सगळ्या विभक्त्यांतून त्यांना फिरवून आणलंत. तृतीया शिकवताना तर उदाहरण ठरलेलं असायचं, सुरीने फळ कापतो. पण ज्या सुरीने फळ कापायचं ती दुकानात जाऊन निवडायची कशी, याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाहीत. परिणाम असा झाला की पन्नाशीला टेकलेला तुमचा एक विद्यार्थी इथे नेदरलँड्समध्ये, नायमेखन शहरातल्या एका दुकानात काचेच्या कपाटापुढे खुळ्यासारखा उभा राहिला. चारही शब्द जिभेवर होते आणि एकाचाही उपयोग नव्हता.

सुरी माझ्यासाठी नव्हती, लेकीसाठी होती. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात. इथली शाळा संपल्यावर आमच्या या बाईसाहेबांनी जाहीर केलं की जानेवारीत त्या स्वीडनला जाणार. तिथे रानाच्या कडेला एक निवासी शाळा आहे, तिच्यात वर्षभर हाताने लाकूडकाम शिकवतात. चमचे, वाडगे, फार तर एखादं स्टूल. पदवी नाही, मार्क नाहीत, पुढे नोकरीचं नाव नाही. तुमच्या पाठशाळेसारखंच म्हणा ना. माझी बायको इथे माझ्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून आली आणि आता आमच्या घरात सगळ्यांत व्यवस्थित नोकरी तीच करते. ती शांतपणे म्हणाली, "वर्षभर चमचे? आपल्याकडे ड्रॉवरभर आहेत." लेक हसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, मला स्वतःची नाइफ न्यायची आहे. ट्रॅडिशनल, नॉर्दर्न, पण महाग नको. यू लव्ह रीसर्च. तू बघ ना." आमच्या घरात कुकरही मी तीन आठवडे वाचन करून घेतो, त्याचा हा टोमणा होता.

मी बघितलं. या उत्तरेकडच्या सुऱ्या, गुरुजी, तुम्हाला आवडल्या असत्या. भपका अजिबात नाही. सरळ पाठीचं आखूड पातं, मुठीत भक्कम रोवलेलं. पात्याचा उतार थेट धारेपर्यंत सपाट नेलेला, त्यामुळे कोणीही घरच्या दगडावर ठेवून धार लावू शकतो, उतारच हाताला कोन सांगतो. बोटं अडायला आडवी पट्टी नसते, कारण ती भोसकायची वस्तूच नाही, तासायची आहे. शिंगाच्या मुठीच्या, नक्षीदार म्यानाच्या सुऱ्याही मिळतात, पण त्या भिंतीवर लावायच्या. ज्यांना खरंच रानात वापरायची असते ते स्वस्तातली घेतात, म्हणजे भिजली, हरवली, कोणी मागून नेली तरी जीव जळत नाही. इथपर्यंत माझं आणि लेकीचं एकमत होतं. वाद झाला पोलादावर. तिला स्टेनलेस हवी होती. "नेदरलँड्स ओलं, स्वीडन ओलं, मी वेंधळी," असं तिचं म्हणणं, आणि ते बिनतोड होतं. मला मात्र साध्या कार्बन पोलादाची हवी होती. तिला धार चटकन लागते, हे मी दाखवायचं कारण सांगितलं. खरं कारण असं की तिचं पातं काळवंडतं, आणि तुमच्या सुरीचं पातं काळवंडलेलं होतं. शिवाय दुकानातल्या त्या सुरीची मूठ बर्चच्या लाकडाची होती. बर्च म्हणजे आपला भूर्ज. ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे असं तुम्ही सांगायचात, त्या झाडाचा तुकडा मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला आणि पुढे माझं काही चाललं नाही. लेकीने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "ओके, ओके. तुझी घेऊ."

दुकानदाराने सुरी मूठ पुढे करून माझ्या हातात द्यायला काढली, तर मी हात मागे घेतला आणि काउंटरवर ठेवा अशी खूण केली. हे तुमचंच. तुम्ही बोरू तासायची सुरी कधी कोणाच्या हातात दिली नाहीत. जमिनीवर ठेवायची, समोरच्याने उचलून घ्यायची, नाहीतर दोघांत भांडण होतं. लेकीने त्या माणसाला डचमध्ये काहीतरी समजावलं आणि तो माझ्याकडे फार आदराने पाहू लागला, म्हणजे तिने नक्कीच काहीतरी भलतं सांगितलं असणार. तर आपण एवढं पाळलं, गुरुजी. आपलं भांडण व्हायला एवढी वर्षं लागली, तेही तुम्ही नसताना.

खंडेनवमीला आम्ही उइटहॉर्नच्या घरी दोन लॅपटॉप, बायकोच्या गाडीची किल्ली, माझा पाना आणि ही नवी सुरी पाटावर मांडली. आई व्हिडिओ कॉलवर होती आणि तिकडून देखरेख करत होती. "सुरीला कुंकू लाव हो, नवी आहे. हळदही लाव. फूल वाहिलंस?" मी ओल्या हाताने हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूचं ताजं फूल पात्यावर ठेवलं. आई म्हणाली, "तुझ्या गुरुजींची अशीच होती. आपल्याकडे आले होते तेव्हा अण्णांनी पेरू पुढे केला, तर विळी नको म्हणाले. खिशातून स्वतःची सुरी काढून कापला."

"आपल्याकडे कधी आले होते?"

"अरे, तुझ्या दहावीनंतर. तुला सायन्सला घाला, इंजिनिअर करा, हे सांगायला."

"मला संस्कृतला ठेवा म्हणून सांगायला आले होते, आई."

"छे, ते तर अण्णा म्हणत होते. पोराला गोडी आहे तर शिकू दे तुमच्यापाशी, असं म्हणाले अण्णा. गुरुजींनी हात जोडले. म्हणाले, नको, त्याला माझ्या नादी लावू नका."

"का म्हणाले तसं?"

"ते मला काय माहीत? मी चहा ठेवला आणि आत गेले, दूध उतू जात होतं. पोराला कळू देऊ नका, असं गुरुजी म्हणाले, एवढं मात्र ऐकू आलं. तुला माहीत नव्हतं होय? मला वाटलं, एव्हाना सांगितलं असेल कोणीतरी." आणि लगेच पुढे म्हणाली, "हात पूस आधी. हळद लागेल त्या लॅपटॉपला."

आता तो दिवस पुन्हा उलगडून बघतो. तुम्ही म्हणाला होतात, "तू काळजी करू नकोस, तुझ्या वडिलांशी मी बोलतो." दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावत पाठशाळेत येतो. तुम्ही ओटीवर बसून बोरूला टोक काढत आहात. मान वर न करता म्हणता, "पुष्कळ सांगून पाहिलं रे. ऐकत नाहीत. वडिलांचा शब्द मोडू नये." मी तिथेच रडतो. तुम्ही बोरू तासत राहता, छिलके धोतरावर पडत राहतात, आणि मला वाटतं, गुरुजींना किती वाईट वाटतंय, बघवतसुद्धा नाही त्यांना माझ्याकडे.

अण्णांशी मी त्यानंतर कामापुरतं बोललो. तेही कामापुरतंच बोलत. एकदा ते आमच्याकडे इथे येऊन राहिले होते. सकाळी कालव्याकाठच्या बाकावर बसून बदकं पाहायचे आणि सायकलवरून जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचे. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "नोकरी आवडते ना रे तुला?" मी म्हटलं, "तुम्ही निवडलीत, चांगलीच असणार." ते बदकांकडे पाहत राहिले. त्यांनी तेव्हा एका वाक्यात स्वतःला सोडवून घेतलं असतं तर मी काय करणार होतो? पण तुम्हाला दिलेला शब्द त्यांनी पाळला, आणि तसेच गेले. 'तुम्ही निवडलीत' हे वाक्य माझं होतं, नाकारत नाही. पण ते माझ्या तोंडात तुम्ही घातलंत. शिष्याच्या मनातली तुमची जागा शाबूत राहावी म्हणून तुम्ही एका बापाची जागा घेतलीत, आणि वर मला पितृभक्ती शिकवलीत. तुमच्या भाषेत सांगायचं तर यात कर्ता तुम्ही, आणि दोष कर्माला. मी इतकी वर्षं गुरुपौर्णिमेला तुमच्या फोटोला हार घालतोय, अण्णांच्या फोटोची काच मात्र बायको पुसते.

या सगळ्यात सुरी पाटावर तशीच राहिली. मांडलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, आणि माझं डोकंही ठिकाणावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फूल उचललं तर पात्यावर गंजाचं तांबूस वर्तुळ उठलेलं, कुंकवाच्या बोटाखाली आणखी एक. लेकीने वाकून पाहिलं. "बाबा, यू वॉटर्ड माय नाइफ." स्टेनलेस घेतली असती तर, असं ती म्हणाली नाही, हे तिचं मोठेपण. तेल आणि बारीक दगड घेऊन घासत बसली. गंज गेला, सावली राहिली. "राहू दे. आय लाइक इट," म्हणाली, आणि मागच्या अंगणात गेली. खेमेंतेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, कालव्याकाठचे विलो छाटले होते, आपल्याकडच्या वाळुंजाचे हे भाऊबंद. त्यांच्या फांद्या तिने ओढून आणल्या होत्या. दोन-तीन दिवस नुसते छिलके पडत होते. मग ती चमचा घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. दांडा गुळगुळीत होता. वाटी मात्र एका बाजूला कललेली, बहिऱ्या माणसाने कान पुढे करावा तशी.

"खरं सांग. मला जमेल हे?"

"छान झालाय," मी म्हटलं.

"दॅट्स युअर व्हिजिटर व्हॉइस, बाबा."

आवाज पाहुण्यांसमोरचा होता हे तिने बरोबर ओळखलं. कुठून आलाय ते तिला ठाऊक नव्हतं. मला ऐकताक्षणी कळलं, कारण त्या आवाजात माझ्याशी एकच माणूस बोलायचा, तुम्ही. माझ्या शेजारी बसणारा मुलगा आठवतो का, तो डावखुरा? त्याचा एक ऱ्हस्व चुकला की तुम्ही पाटी भिरकावायचात. "तुझं हे पठण ऐकून आलेला देव चपला घालून परत जाईल," असं त्याला सगळ्यांदेखत म्हणाला होतात. तेच पुन्हा दहादा म्हणायला लावायचात, जेवायची वेळ टळून जायची. मी चुकलो की तुम्ही म्हणायचात, "छान. पुढे चला." मला वाटायचं, मी लाडका आहे.

पत्र कुठे टाकायचं नाहीच. इथल्या केशरी टपालपेट्यांवर तुमच्या गावची फट नाही, आणि बायकोने विचारलं तर मी ऑफिसचं काहीतरी लिहितोय असं सांगणार आहे. गरिबीला घाबरून तुम्ही मला परत पाठवलंत, असं स्वतःला समजावून पाहिलं. तुमच्या घरचा तांदळाचा डबा मी पाहिला होता, तेव्हा ते पटण्यासारखंही आहे. पण वर एवढं जे चिडून लिहिलं ते तुम्ही माझ्याशी खोटं बोललात म्हणून. भीती वेगळीच आहे. आई आत गेल्यावर अण्णांशी तुम्ही खरं बोलला असाल, गुरुजी. मला संस्कृत जमणार नव्हतं, आणि तुम्हाला ते दिसलं होतं.