एमबीबीएस की आयुर्वेद

१२ जून २००१

आज अर्जाचं ठरवायचं होतं, आणि आबांशी भांडण झालं. माझ्या मार्कांवर नांदेडला आयुर्वेद नक्की मिळेल, एमबीबीएस मात्र हुकणार, असं कॉलेजातले सर म्हणाले. मी आबांना सांगितलं, "मी पुढच्या वर्षी परत सीईटी देते. आयुर्वेद नको."

"काहून नको?"

काहून ते त्यांना ठाऊक आहे. माझी थोरली बहीण अक्का बाळंतपणात अडली तेव्हा गावात एकच डॉक्टर होते, आयुर्वेदाचे. ते म्हणाले, "ऑपरेशन लागेल. मला येत नाही." नांदेडला नेताना वारंगा फाट्याच्या पुढे जीपमध्येच अक्का गेली. "मला येत नाही." हे कसले डॉक्टर? तसलं मला व्हायचं नाही.

आबा मेंढ्या कोंडून आले. मग म्हणाले, "त्यो मानूस जीपमंदी संगं आला व्हता. अक्काचा हात शेवटपर्यंत सोडला न्हाई त्यानं. मोठा डॉक्टर कोन आला व्हता गं आपल्या गावात? आता तर त्यो बी गेला सोडून. दवाखान्याला कुलूप हाय."

मी तेव्हा घरी होते. हाताचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. इतके दिवस मी त्या माणसाचा रागच करत आले.

शेवटी मी म्हणाले, "आयुर्वेदाला अर्ज करते."

ऑपरेशन शिकायचं राहिलंच आता. आबा डोळ्यांना उपरणं लावून बसले होते. त्यांच्याजवळ जायला हवं होतं, पण मला माझंच रडू आवरेना.