मामा पाठीशी उभा होता

अंबाजोगाई,
ता. ९ डिसेंबर २०२४

माझी माय साखराबाई हिला थोरल्या सुकन्याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

पत्र आपल्या धाकट्या योगिताच्या कॉलेजवर पाठवतेय. घरी फोन केला तर जीवन उचलतो, आणि बहिणीचा आवाज ऐकला की ठेवून देतो. भाऊ मोठा मानी! असू दे. योगे, मायला सावकाश वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

मी बरी आहे. इथं महिलांच्या वसतिगृहात दोन वेळ भाकरी मिळते, शिवणकाम शिकवतात. आम्हाला सुरक्षित ठेवलंय म्हणतात. कुलूप मात्र बाहेरून असतं. गुन्हा माझ्यावर झालाय की मी केलाय, ते इथल्या कुणालाच नीट ठरवता आलेलं नाही.

आबा परवा येऊन गेले. मेंढरं गेवराईकडं चालली होती, वाट वाकडी करून आले. फाटकाबाहेरच उकिडवे बसले. आत या म्हटलं तर बाप असून म्हणाले, "लोकं बघत्यात, पोरी." मग पटक्याचं टोक चाळवत राहिले. निघताना सांगितलं, सुग्रीवमामानं योगितालाही स्थळ आणलंय. मला दिलं होतं त्याच मुलखातलं, गुजरातकडचं. बारावीची परीक्षा झाली की बार उडवायचा म्हणे.

तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

माय, तिकडच्या लोकांनी माझ्यावर केस केलीय. दागिने घेऊन पळालेली नवरी! दागिने कसले, दोन खोट्या बांगड्या. इथं तक्रार द्यायला गेले तर हवालदार म्हणाला, "लगीन लागलंय ना? मग नांद की. सख्खा मामा कावून इकील?" मग वसतिगृहाच्या वकीलबाईंनी कोर्टातून मामावर गुन्हा दाखल करायला लावला, तर त्याच्या वकिलानं लग्नाचा फोटोच पुढं केला. अंतरपाटासमोर मी, पाठीशी मामा. मामा स्वतः पाठीशी उभा असताना विक्री कसली? सगळ्यांना पटलं. गावाला तर आधीच पटलेलं होतं.

तिथं नवरा एक नव्हता, माय. पुढचं योगिताच्या तोंडून तुला ऐकवणार नाही.

वकीलबाईंनी तुझा जबाबही वाचून दाखवला. "भावानं चांगलं ठिकाण बघितलं, लेकच नांदली न्हाई." पण त्या दिवशी मामानं पाहुण्यांकडून नोटांचं पुडकं घेतलं, तेव्हा तू दारातच होतीस. आत येऊन मला घट्ट धरून रडलीस. मला वाटलं, लेक सासरी चालली म्हणून रडतेय. किती वेडी मी!

मला तुझा राग येतो, खूप येतो. पण भाऊ तुटला की तुला माहेर उरत नाही, हेही कळतं. भाऊबीजेला दुसऱ्या कुणाला ओवाळणार तू?

येत्या सोमवारी कोर्टात तुझी साक्ष आहे. माझ्यासाठी येऊ नकोस. मला घरात घ्या, असंही म्हणणार नाही. फक्त डोळ्यांनी पाहिलंस तेवढं सांग. तू खोटं बोललीस तर मामा सुटेल, उन्हाळ्यात पुन्हा मांडवात उभा राहील, आणि त्याच्यापुढं योगिता असेल.

योगे, आता वाचायचं थांब. मायकडं बघ. ती काय म्हणते ते नीट ऐक. आणि ती गप्पच बसली, तर अंगावरच्या कपड्यानिशी माझ्याकडं निघून ये.

तुम्हा दोघींची,
सुकन्या