लाल रंगातला अंगठा

मी, कमळाकर धोंडू ओव्हाळ, वय अठ्ठावन्न, कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, धर्म बौद्ध, राहणार पळसवाडी, तालुका खालापूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. मला धाक घालील अशी एक पत्नी मालनबाई, आणि ती हल्ली माझ्याशी फारसे बोलत नाही.

१. राहते घर व मागची पडवी मालनबाईची, कायमची. पोस्टात जे काही आहे तेही तिचेच. पुतण्या गजा याने तिच्या हयातीत मोजणीची भाषा काढू नये.

२. माझे पाने, कानशी व हातोड्या गजाला. "काका, उद्या आनून देतो," म्हणून त्याने नेलेले ड्रिल अजून आलेले नाही. ते त्याने तिकडेच ठेवावे, आता राग धरण्याचाही कंटाळा आला आहे.

३. पडवीतल्या सामानाविषयी. "घाटाखालचे घर" या मालिकेचे शूटिंग आमच्या गावात झाले. वाड्याच्या दृश्यांसाठी कंपनीच्या माणसांनी घरोघरच्या कळश्या, कंदील, पाट, परातीसुद्धा मागून नेल्या. माघारी द्यायच्या वस्तू ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या बुडाला लाल ठिपका द्यायचा, हे काम माझी मुलगी विशाखा हिला मिळाले होते. ती तेव्हा मॅट्रिकला होती. पहिल्याच दिवशी हात लाल करून घरी आली.

"बाबा, त्यांचा ब्रश हरवला. मंग मी अंगठाच लावला."

मी चिडलो. माझ्या आईबापांनी जन्मभर अंगठे उठवले. मी रात्रशाळेत जाऊन सही शिकलो. "आपल्या घरात आता कोनी अंगठा उठवायचा नाय," असे मी तिला बजावले. ती हसली. म्हणाली, "अवं बाबा, ह्यो रंग हाय, कागुद नाय."

शूटिंग आटोपल्यावर कंपनीने थोडे सामान परत केले, बाकीचे खोपोलीच्या भंगारवाल्याकडे गेले. पुढच्या पावसाळ्यात विशाखा काविळीने गेली. मालिका टीव्हीवर लागली आणि लोकांना तिचे वेड लागले, ते हे सारे होऊन गेल्यावर. मुंबई-पुण्याचे लोक येऊन त्या घरातली वस्तू म्हणून काहीही मागू लागले. मग ज्याच्या त्याच्या भांड्याखाली लाल ठिपका उगवला. मी मात्र फसलो नाही. विशाखाच्या अंगठ्यावर विळीवर कापल्याची तिरपी खूण होती, ती ठिपक्यात उमटते. ती खूण शोधत मी शेलूपासून रसायनीपर्यंत हिंडलो, सापडेल ती वस्तू आणून पडवीत ठेवली. लोकांना वाटले, कमळाकरलाही मालिकेचे खूळ लागले. वाटू दिले. ती मालिका मी धड पाहिलेलीसुद्धा नाही.

मालनबाईला हे सामान डोळ्यांसमोर नको असते. "पोर काय भांड्याच्या बुडाला बसलीय व्हय?" म्हणते. तिचे चुकत नाही. पण मी दुसरीकडे कुठे शोधू?

४. खालापूरचे अप्पा सोमण, निवृत्त मास्तर, हेही या वस्तू जमवत. आमची चांगली मैत्री होती. ते मला खुर्ची देत, चहा देत. त्यांच्या दिवाणखान्यात मालिकेतल्या वाड्याची म्हणून एक तांब्याची कळशी मांडलेली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्यातलेच पाणी मिळे. एकदा ती उचलून पाहिली तर खाली विशाखाचा अंगठा, आणि काठावर माझ्या आईचे नाव: कोंडी. कळशी आमच्याच घरची. आनंदात मी बोलून गेलो, "अप्पा, ही आमच्या घरची कळशी."

अप्पा "असं का? बरं, बरं," म्हणाले. चहा आला, पाणी आले नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कळशी चिंच लावून, राखेने घासून लखलखीत केलेली होती. ठिपका गेला होता. नावही कानशीने उडवलेले होते. बोललो असतो तर पुरावा काय दाखवणार होतो? ज्याच्या हाती ससा तो पारधी. ती कळशी मी अप्पांनाच देत आहे. तिच्यातले पाणी त्यांनी कधीतरी एखाद्या तहानलेल्याला त्याचे आडनाव न विचारता द्यावे, एवढेच मागणे. ते देतील असे मला वाटत नाही.

५. उरलेल्या वस्तू कोणाला द्याव्यात हे मला सुचत नाही. मालनबाई त्यांच्याकडे पाहून जेवत नाही, गजा विकून टाकील, जमवणाऱ्यांना नटांनी हात लावलेले हवे असते. विशाखाला मी शिकवले ते अंगठ्यापासून सुटावी म्हणून. तिची सही मात्र माझ्याजवळ कुठेच नाही, अंगठेच राहिले. म्हणून या कलमात वारसाचे नाव घातलेले नाही. ज्याला हव्या त्याने न्याव्यात, वापराव्यात, त्यात भात शिजवावा. फक्त बूड घासू नये.

६. मला नेताना कसलाही थाट नको. बुद्धवंदना व्हावी, मालनबाईला सावलीत बसवावे.

येथवर सर्व मजकूर माझ्या हस्ताक्षरात असून तो मला मान्य आहे.

ठिकाण: पळसवाडी. तारीख: १२ नोव्हेंबर १९८८.

निशाणी डावा अंगठा: कमळाकर धोंडू ओव्हाळ

साक्षीदार:
१. सोमा बाळू ओव्हाळ
२. रामभाऊ तुकाराम जाधव

साक्षीदारांचा शेरा: लिहून देणार यांना उत्तम सही येते. शाईची डबी समोर असताना त्यांनी ती बाजूला सारून लाल रंग मागितला व आमच्यासमक्ष अंगठा उठवला.