दोन रिंगा आणि अडतीस मिनिटे

चेन्नई, मंगळवार

चि. कृष्णकांत यास दादाचा आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल आहे असे लिहायची रीत आहे. आज ती मोडतो. गाडी सोलापूरला वेळेवर पोहोचली ना? सौ. क्षमाला कॉफीची पूड आवडली ना? (उत्तर पत्रानेच दे. फोनला हात लावायची माझी छाती उरलेली नाही.)

परवा तुला सेंट्रलवर गाडीत बसवून घरी आलो. तासाभरात अनोळखी नंबरवरून दोन रिंगा वाजल्या आणि फोन कापला गेला. आपल्या घराण्याचा कायदा तुला ठाऊकच आहे: एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. वाटले, तुझी बॅटरी संपली आणि तू सहप्रवाशाचा फोन मागून घेतलास. लगेच उलट फोन लावला. पलीकडे एका बाईने इंग्रजीत थांबायला सांगितले, थोडे संगीत वाजले, मग शांतता. गाडीत रेंज नसेल, तरी तू ऐकतो आहेस अशा समजुतीने ‘नागरिकाने सदैव सावध असावे’ हा फलाटावर अर्धा राहिलेला विषय मी पुरा केला. अडतीस मिनिटे! (तू एकदाही मध्ये तोंड घातले नाहीस, याचे नवल वाटत होते.)

आज शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून येताच मंदारने माझे बिल समोर धरले. मिनिटाला सत्तर रुपये! परदेशातला महागडा नंबर. डाव माझ्या मनातल्या मनात लख्ख उमगला: दोन रिंगांचा गळ टाकायचा, आणि उलट फोन करणारा सभ्य माणूस जितका वेळ अडकेल तितकी त्यांची कमाई. (दरोडेखोरांचा इतिहास मी पुष्कळ वाचला आहे. घोड्यांवरून येत, होड्यांतून येत. पण लुटल्या जाणाऱ्यानेच फोन लावायचा, ही सुधारणा नवी!)

“बाबा, अडतीस मिनिटं कोणाशी बोलत होतात?” मंदारने विचारले.

“ऐकून घेणारं कोणी मिळालं, त्या मानाने स्वस्तच,” सूनबाई रेवा स्वयंपाकघरातून म्हणाली.

लॉटरी लागल्याच्या खोट्या फोनला मी भुललो, त्यानंतर मंदारने बजावलेच होते: पुन्हा फसलात तर तुमच्या फोनवरून बाहेर फोन लागणार नाही, आलेले तेवढे घ्यायचे. वक्त्याला नुसता ऐकण्याचा फोन! त्यापेक्षा जीभ छाटा.

तूही सावध हो. अनोळखी नंबरच्या आधी +९१ नसेल तर उलट फोन करू नकोस. कंपनीला सांगून परदेशी कॉल बंदच करून टाक. आणि फसलास तर निर्भयपणे कबूल कर. आपल्या लपवाछपवीवरच हे लुटारू जगतात.

तुझा,
दादा

ता. क. – मंदारला मी सांगितले की गाडीत तुला भोवळ आली आणि डब्यातल्या एका परदेशी डॉक्टरने आपल्या फोनवरून मला रिंग दिली. अडतीस मिनिटे आम्ही तुझ्या हृदयाबद्दल बोललो.

ता. क. २ – आजाऱ्याला फोनवर बोलायला लावू नये, असे सांगून मंदारला अडवले. तर तो रजा टाकून शुक्रवारी सकाळी तुला बघायलाच येतो आहे. म्हणून हे स्पीडपोस्ट. शुक्रवारी अंथरुणातून उठू नकोस, आणि क्षमाला वेळेवर रडता येते का, विचारून ठेव.